डावी पाकळी

माझ्या डोक्याला चुंबक लावायला आमच्या गावदेवाने साफ नकार दिला.

हे वाक्य तुम्ही वाचलं नाही असं समजा. आमच्या घरात तसंच ठरलंय. देवाने नकार दिलेला नाही, कारण आम्ही त्याला काही विचारलंच नव्हतं. त्या सकाळी देवळात आम्ही चौघे होतो; त्यांतल्या कुणालाही विचारलंत तरी तो हेच सांगेल. फक्त शपथ घालू नका.

आता सुरुवात करतो.

"प्रसन्न आहेत का?"

कोल्हापूरच्या त्या मानसोपचाराच्या दवाखान्यात काउंटरवरच्या बाईने असं मोठ्याने विचारलं, तेव्हा बाकांवर बसलेल्या सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. प्रामाणिक माणसं होती. कुणीही हात वर केला नाही. शेवटी आईने मला कोपराने ढोसलं.

"ऊठ. तुकाच बोलावतत."

माझं नाव प्रसन्न धुरी. नाव वडिलांनी ठेवलं होतं. मी लहान असताना ते आमच्या परसातल्या विहिरीत पाय घसरून गेले, त्यामुळे असं नाव का ठेवलंत हे विचारायचं राहून गेलं.

कुडाळला माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. विहिरीतले पंप, पिठाच्या गिरणीच्या मोटारी, पंखे. जळलेली कॉइल काढायची, नवी तांब्याची तार भरायची, वॉर्निश मारायचं. धंदा बरा होता. मग एका सकाळी शटर उचलायला गेलो आणि शटरसमोर उभाच राहिलो. उचलून काय करायचं, ते कळेना. आणि उचललं नाही तर काय होईल, या विचाराने घाम फुटला. हे दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं हे मला तोवर माहीत नव्हतं. शेजारच्या सायकलवाल्याने विचारलं, "चावी इसारलंस?" मी हो म्हटलं आणि घरी आलो. ती चावी मग वर्षभर सापडली नाही, असं म्हणायला हरकत नाही. ती माझ्या खिशातच होती.

गोळ्या झाल्या. एका गोळीने झोप यायची, दुसरीने तोंड कोरडं पडायचं, तिसरीने दोन्ही व्हायचं. छातीतली धडधड मात्र सगळ्यांना पुरून उरली. दिवसभर मी परसात विहिरीच्या कठड्यावर बसायचो. तिथे गार वाटायचं. एक दिवस पाहिलं तर रहाट गायब, दोर गायब, आणि विहिरीवर लोखंडी जाळी.

"रहाट खंय गेलो?" मी आईला विचारलं.

"बेअरिंग गेला तेचा."

"मी करतंय ना. माझो धंदोच तो."

"नको. आणि मांजर पडता भितूर, म्हणान जाळी घातलंय."

आमच्याकडे मांजर नव्हतं. पण तेव्हा मला वाद घालायची ताकद नव्हती, त्यामुळे ते नसलेलं मांजर सुरक्षित राहिलं.

तर डॉक्टरीणबाई. डॉ. मृणाल आडनाईक. वयाने माझ्याहून थोड्या मोठ्या, आवाज शांत. त्यांनी समजावलं, "गोळ्यांचा हवा तसा गुण येत नाहीये. आपण चुंबकाची ट्रीटमेंट करून बघू. डोक्याला बाहेरून एक कॉइल टेकवायची, तिच्यातून चुंबकाचे ठोके जातात. मेंदूचा पुढचा डावा भाग थोडा सुस्तावलाय असं समजा, त्याला रोज हलवून जागं करायचं. भूल नाही, तुम्ही जागे असता. काही आठवडे रोज यावं लागेल. सगळ्यांना उपयोग होतोच असं मी म्हणणार नाही. पण बऱ्याच जणांना होतो."

"शॉक?" आईने विचारलं.

"नाही मावशी. शॉक वेगळा, हे वेगळं."

मी विचारलं, "कॉइल तांब्याची?"

"असावी."

"भरलीय कोणी?"

"काय भरलीय?"

"वाइंडिंग."

त्यांनी माझ्या कागदांकडे पाहिलं, माझा धंदा वाचला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर थोडं हसू आलं. "कंपनीने भरलीय."

"कंपनीच्याही जळतात. माझ्याकडेच येतात."

"इथे अजून एकही जळलेली नाही."

"पहिली कुठेतरी जळणारच ना," मी म्हटलं. माझ्या डोक्यात त्या क्षणी वॉर्निश जळल्याचा वास आला. तो वास मी हजारदा घेतला होता, पण नेहमी नाक वास घेत होतं आणि जळत दुसरंच काहीतरी होतं.

आई उठून उभी राहिली. "डॉक्टरीण बाय, आमका आधी कौल लावचो लागात."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणतायत?"

"वरून मंजुरी लागते."

"इन्शुरन्सची?"

"तसंच. पण हे लवकर कळवतात."

त्या हसल्या नाहीत. "प्रसन्न, तुमचं स्वतःचं मत काय?"

माझं स्वतःचं मत? चहा घेणार की कॉफी, असं कुणी विचारलं तरी मला दरदरून घाम येत होता. मी म्हटलं, "मंजुरी आली की सांगतो."

"फार दिवस लावू नका," त्या म्हणाल्या. हे त्या माझ्याकडे न बघता आईकडे बघून म्हणाल्या.

कौल म्हणजे काय ते सांगतो. आमच्या देवळात काळ्या पाषाणाचा देव आहे. गुरव त्याच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या बोटाने फुलाच्या पाकळ्या चिकटवतो, देवाला प्रश्न घालतो, आणि सगळे वाट बघतात. उजवी पाकळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. आमच्या घरात विहीर खोदणं, बहिणीचं लग्न, माझं दुकान, सगळं त्या खांद्यांवरून खाली आलं. दुकानाला उजवी आली होती. शटर न उचलण्याबद्दल कुणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात आम्ही चौघे. मी, आई, आबा गुरव, आणि बाबलकाका. बाबलकाका म्हणजे वडिलांचा धाकटा भाऊ, गावचा मानकरी. देवाला विचारायचं तर मानकरी लागतो. पहिला अर्धा वेळ गेला तो प्रश्न कसा घालायचा यावर.

"करंट म्हणू नको हां," काका म्हणाला. "गावात बोंब होतली, धुऱ्यांच्या झिलाच्या डोक्यात करंट सोडलो म्हणान."

"मगे काय म्हणू?" आबा म्हणाला. "देवाक कळाक होया ना."

"चुंबक म्हण."

"चुंबक देवाक ठाऊक असात?"

मी मदत केली. "लोखंड ओढून घेता ता."

आबाने माझ्या डोक्याकडे निरखून पाहिलं. "ह्येच्या डोक्यात लोखंड असा?"

"असता तर बरा होता," काका म्हणाला.

आई हातातल्या नारळाची शेंडी कुरवाळत होती.

मग आबाने पाकळ्या लावल्या. पंखा बंद केला. दार लोटलं. आणि त्याने खणखणीत आवाजात गाऱ्हाणं सुरू केलं, "बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," काका म्हणाला.

"आज हो तुझो लेकरू, धुऱ्यांचो प्रसन्न, तुझ्या पायाकडे उभो असा. तेच्या मनाक घोर लागललो असा. तेका जेवण गोड लागणा नाय, झोप लागणा नाय, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

स्वतःच्या रोगाला होकार देणारा मी बहुधा पहिलाच माणूस. पण रीत आहे, मीही दिला.

"कोल्हापुरात एक डॉक्टरीण असा. ती म्हणता, ह्येच्या डोक्याक चुंबक लावतंय. ता लावचा असात तर उजवो दी, नको असात तर डावो दी, आणि काय ता सांभाळून घे, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आणि मग वाट बघणं.

पाकळ्या पडेनात. समईची वात तडतडली. भिंतीवर एक पाल होती, तीही थांबली. माझ्या कानांत माझंच रक्त पंपासारखं वाजत होतं, फुटव्हॉल्व्ह खराब झालेल्या पंपासारखं. नुसता आवाज, पाणी वर येत नाही. मी उजव्या पाकळीकडे पाहत होतो असं मला वाटत होतं. मग लक्षात आलं की मी डावीकडे पाहतोय. आणि नुसता पाहत नव्हतो. मनातल्या मनात तिला खाली ओढत होतो. पड. पड गो बाय. तू पडलीस की कॉइल नको, रोजची ती खुर्ची नको, बरं व्हायचा प्रयत्न नको, आणि तो फसला तर काय हा विचारही नको. देवच नाही म्हणाला, माझा काय दोष?

डावी पाकळी एका बाजूने सुटली. थोडी लोंबली. देवाच्या दंडावरून घसरत खाली आली आणि ताम्हणात पडली.

"झाला," काका म्हणाला. त्याने सुस्कारा सोडला. "देवान सांगल्यान. इषय संपलो."

मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू. वर्षभरात असं वाटलं नव्हतं. जणू कुणीतरी मागून येऊन खांद्यावरची गोण उतरवली. आबाने तीर्थाची पळी उचलली. मी हात पुढे केला.

"हसतंस कित्याक?"

आईने विचारलं. ती पाकळीकडे बघतच नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

"मी? खंय हसतंय?"

"हसलंस. मी बघलंय."

"बरा वाटला त्येका, वयनी," काका म्हणाला. "देवाचा उत्तर इला, मन हलका झाला. बरा झाला ना."

आई काकाकडे वळली. आवाज अगदी साधा, दुकानात जिरं मागावं तसा. "बाबल, ह्येंच्या येळेक पण डावोच इललो."

"आता ता कित्याक, वयनी?"

"मुंबैक डॉक्टराकडे न्हेवचा काय, म्हणान इचारललंव. गाऱ्हाणा तूच घालूक लावललंस. डावो इलो."

"देवान सांगल्यान ता—"

"आणि हे हसले. असेच. अगदी असेच. मी मनात म्हटलंय, देवाक काळजी, ह्येंका बरा वाटला. मी पण हसलंय." तिने पदर सारखा केला. "चार दिस हे असेच हसत होते."

काकाने जमिनीकडे पाहिलं. "दादाचो पाय घसारलो, वयनी."

"व्हय," आई म्हणाली. "घसारलो."

मी लहान असल्यापासून हे वाक्य ऐकत आलो. 'पाय घसरला.' आईकडून, काकाकडून, सगळ्या गावाकडून, एकही शब्द इकडचा तिकडे न होता. खरं घडलेलं काही असतं तेव्हा दहा माणसं दहा तऱ्हांनी सांगतात. त्या गाभाऱ्यासमोर उभ्या उभ्या मला रहाट दिसला, दोर दिसला, जाळी दिसली. आणि ते मांजरही दिसलं. ते तिथे हात पुढे करून, तीर्थाची वाट बघत उभं होतं.

माझा हात खाली आला.

आईने नारळ खाली ठेवला आणि ती गाभाऱ्याच्या उंबऱ्याच्या आत गेली.

"गो वयनी!" आबा ओरडला. "भितूर खंय जातंस!"

आमच्या देवळात बायका आत जात नाहीत. कधी गेल्या नाहीत. आईही आयुष्यभर उंबऱ्यापाशी थांबली होती. आता तिने ताम्हणातली पाकळी उचलली, तीर्थात बुडवली, आणि देवाच्या डाव्या खांद्यावर परत लावली. अंगठ्याने दाबून लावली, लिफाफ्यावर तिकीट लावतात तशी. सुटत नाही ना, ते एकदा बघून घेतलं. मग तिने हात जोडले.

"म्हाराजा," ती म्हणाली, "आमी काय इचारूक नाय. तू काय सांगूक नाय. आमी कोल्हापुराक जावन येतंव. मगे इचारतंव."

ती बाहेर आली. कुणी श्वास घेत नव्हतं. देवही घेत नसावा.

"आबा," आईने विचारलं, "तू गाऱ्हाणा घातलंस काय रे?"

आबा गुरव. त्याच्या बापाने, आजाने, पणजाने त्या दगडाला आंघोळ घातलेली. त्याने पाकळीकडे पाहिलं. आईकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. त्याच्या हातातली पळी कलंडली होती, तीर्थ धोतरावर सांडत होतं.

"नाय गो," तो म्हणाला. "मी आताच तर दार उघडलंय."

"बाबल?"

काका खांबाला टेकला होता. तो मानकरी होता. त्याने एक शब्द काढला असता तर गाव गोळा झालं असतं. तो सरळ उभा राहिला आणि त्याने हात जोडले.

"व्हय म्हाराजा," तो म्हणाला. देवाला म्हणाला की आईला, ते मला अजून कळलेलं नाही.

निघताना आईने आबाला बजावलं, "पंखो लावू नको हां."

दवाखान्यातली ती खुर्ची दाढीच्या सलूनमधल्या खुर्चीसारखी होती. कानांत बोळे घातले होते, तरी डॉक्टरांचं बोलणं ऐकू येत होतं. कॉइल इंग्रजी आठच्या आकड्याची, पांढऱ्या प्लास्टिकच्या आवरणात. मी केबल हाताने चाचपली. वास घेऊन पाहिला. डॉक्टरांनी घेऊ दिला.

"आधी जागा शोधायची," त्या म्हणाल्या. "हलका ठोका देत जाणार. हाताचा अंगठा आपोआप हलला की आपल्याला मोजमाप मिळतं. मग कॉइल पुढे सरकवून खरी ट्रीटमेंट. तयार?"

"थांबा," मी म्हटलं.

त्या थांबल्या.

"तयार?"

"थांबा."

असं बरंच चाललं. त्या दर वेळी थांबल्या, आणि घड्याळाकडे एकदाही पाहिलं नाही. माझी छाती इतकी उडत होती की चुंबकाची गरजच काय, असं वाटत होतं. आई समोर स्टुलावर बसली होती, पर्स मांडीवर घट्ट धरून, एसटीत बसते तशी.

"भिया वाटता?" तिने विचारलं.

"व्हय."

"माका पण," ती म्हणाली. "मगे दोघांय भियाया. तू हयसर, मी हयसर. चला, डॉक्टरीण बाय, लावा."

टक.

काही झालं नाही. डॉक्टरांनी कॉइल जराशी सरकवली.

टक.

सुतारपक्ष्याने चोच मारावी तसं. वॉर्निशचा वास आला नाही.

टक. आणि माझा अंगठा उडाला.

मी काहीच केलं नव्हतं. वर्षभर माझ्यातली प्रत्येक गोष्ट आधी चर्चा करायची. उठायचं का, आंघोळ करायची का, शटर उचलायचं का. आणि हा अंगठा मला न विचारता, कुठलंही मत न मांडता, टुणकन उडाला होता. मी त्याच्याकडे बघतच राहिलो. मला रडू आलं. इतक्या साध्या गोष्टीचं मला कधी रडू आलं नव्हतं.

आई पुढे वाकली. "खंयचो हाललो?"

"उजवो."

तिने स्टुलावरून उठून माझ्या उजव्या अंगठ्याला नमस्कार केला.

"मावशी," डॉक्टर म्हणाल्या, "मेंदूची डावी बाजू उजवा हात चालवते. डावीकडे ठोका दिला की उजवाच हलतो. सगळ्यांचा हलतो."

"माका म्हायत असा," आई म्हणाली. तिला माहीत नव्हतं.

पुढचं फारसं सांगण्यासारखं नाही. काही आठवडे रोज गेलो. बाबलकाकाने कोल्हापुरात त्याच्या मेव्हण्याकडे आमची सोय केली आणि स्वतः गाडीने सोडायला आला; वाटेत आंबोलीला थांबून माझ्यासाठी भजी आणली. सुरुवातीला डोकं दुखायचं. मग एका संध्याकाळी दवाखान्यातून चालत येताना मला भूक लागली. साधी भूक, जेवायला हवं अशी. ती ओळखायला मला थोडा वेळ लागला. असं हळूहळू. जाहिरातीतल्या माणसासारखा मी कधी झालो नाही. अजूनही काही सकाळी शटरसमोर उभा राहतो. पण उचलतो.

गावी परतलो त्यानंतर केव्हातरी रहाट जागेवर दिसला. आईने परस्पर लावून घेतला होता. मी बेअरिंग फिरवून पाहिलं. त्याला काही झालेलं नव्हतं, कधीच.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. देवाला रोज पहाटे आंघोळ असते, त्यामुळे आदल्या दिवशीचं फूल काही खांद्यावर राहत नाही. तरीही आबा रोज नवी पाकळी घेतो आणि डाव्या खांद्यावर लावतो, अंगठ्याने दाबून. कुणी विचारलं तर सांगतो, "धुऱ्यांचा काय ता इचारूचा रवला असा." नव्या पिढीला ती देवाची पूर्वापार रीत वाटते. आई देवळावरून जाताना उंबऱ्याबाहेरूनच म्हणते, "येतंव हां, म्हाराजा. घाई नाय."

अलीकडेच एका दुपारी मी एकटाच गेलो. आबा ओसरीवर झोपला होता. मला गाऱ्हाणं घालता येत नाही. मला येते ती अर्जाची भाषा. ग्रामपंचायतीच्या पंपांबद्दलची पत्रं मीच लिहितो. तेव्हा डाव्या पाकळीकडे बघत मी त्याच भाषेत म्हटलं:

मा. म्हाराजांच्या सेवेशी. अर्जदार प्रसन्न दिगंबर धुरी सविनय सादर करतो की, पडलेली पाकळी पूर्ववत जागी लावून प्रश्न विचारलाच नव्हता असे समजण्याची जी सवलत अर्जदाराच्या प्रकरणी देण्यात आली, तीच सवलत अर्जदाराचे वडील कै. दिगंबर धुरी यांच्या प्रकरणीही मागील तारखेपासून लागू करण्यात यावी, आणि तदनुसार त्यांच्या नावामागील 'कै.' वगळण्यात यावे, ही विनंती.